उभयपक्षी

पेढीत जाताना आमच्या मुलीने घरातून एक पैसाही नेला नाही. ही गोष्ट तिच्या आईने त्या वेळी गल्लीत इतक्या जणांना सांगितली की शेवटी लोक तिला लांबून पाहूनच वाट बदलायला लागले.

मुलगी शाळेत गणित शिकवायची. अकरा वर्षं एकच शाळा, एकच फळा. एक दिवस तिने जाहिरात दाखवली. शेअर बाजारात स्वतःच्या पैशाने सौदे करणारी एक पेढी माणसं शोधत होती. पैसे पेढीचे, डोकं तुमचं, नफ्यात अर्धा वाटा तुमचा. भांडवल नको, अनामत नको. महिनाभर खोट्या पैशांवर परीक्षा घेणार, पास झालात की खऱ्यांवर बसवणार.

"आणि तोटा झाला तर?" मी विचारलं.

"तोटा पेढीचा."

"असा कोण खुळा बसलाय?"

"बाबा, तुम्ही आयुष्यभर जमीन खणलीत ती तुमची होती का? कुदळ तरी तुमची होती?"

मी पाणीखात्यात होतो. नळाचे पाइप टाकायला रस्ते खणायचे, चौतीस वर्षं. कुदळ खात्याचीच होती. आमच्या घरात शेवटचा शब्द तिचाच असतो. बावन्नाव्या वर्षी मला अक्षरं शिकवली तीही तिनेच, तेव्हा हातावर पट्टी मारायचीच काय ती बाकी ठेवली होती.

परीक्षेला तीनशे जण बसले, नऊ निवडले, त्यांत ही. शाळेच्या मोठ्या बाईंनी दोन वर्षांची बिनपगारी रजा दिली. म्हणाल्या, "जाऊन ये. खुर्ची ठेवते तुझी. पण दोनच वर्षं हं, पुढे माझ्या हातात नाही."

सहीच्या दिवशी मीही बरोबर गेलो होतो. पेढी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली औषधांचं दुकान, वर दातांचा दवाखाना. काचेच्या दारापाशी चौकीदार, त्याच्यासमोर वही. कोण आलं, किती वाजता, कशाला, सगळं त्या वहीत. दाराच्या आत मोठा हॉल, चाळीस टेबलं, प्रत्येकावर दोन स्क्रीन. खिडक्यांना काळा कागद लावलेला, स्क्रीनवर उजेड पडू नये म्हणून. आत दिवस की संध्याकाळ ते कळत नाही.

तिथला व्यवस्थापक बोलायला असा की कडू औषधही त्याच्या हातून गोड लागावं. आतली मंडळी पाठीमागे त्याला गोडबोल्या म्हणत. त्याने करार पुढे ठेवला. बावीस पानं, अक्षरं मुंगीएवढी. मुलगी पान उलटायची, सही करायची, पान उलटायची.

"अगं, वाच तरी," मी म्हटलं.

"छापील असतं हे सगळं, बाबा. सगळ्यांना तेच."

"वर्गात तर सांगतेस, प्रश्न दोनदा वाचा म्हणून."

गोडबोल्या हसला. "काका, तुम्ही वाचता का? वाचा की, खुशाल वाचा. तुमचं वाचून होईपर्यंत बाजार दोनदा पडून तीनदा उठेल!"

सगळे हसले. मीही हसलो. विनोद बरा होता.

पहिले चार महिने छान गेले. तिने आईला कपडे धुण्याचं यंत्र घेतलं, मला बूट. पाचव्या महिन्यात एका सकाळी बाजार उलटा फिरला आणि तीन दिवस तसाच फिरत राहिला. त्या तीन दिवसांत चार महिन्यांचं सगळं गेलं आणि वर आणखी गेलं.

पेढीत तोट्याला तोटा म्हणत नाहीत, खड्डा म्हणतात. तोटा पेढीचा, हे खोटं नव्हतं. पण तो लिहिला जायचा मुलीच्या नावापुढे. आणि तो भरेपर्यंत नफ्यातला तिचा वाटा शून्य. पगार नव्हताच. म्हणजे खड्डा भरेपर्यंत फुकट भरायचा.

मला खड्ड्यांतलं कळतं. एका दिवसात खणलेला खड्डा त्याच मातीने भरला की दिसायला भरतो, पण महिन्याभरात बसतो आणि बाहेरून आणखी माती आणावी लागते. तिचंही तसंच चाललं होतं. भरत आला, भरत आला म्हणायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बसायचा.

त्यात रोजची मर्यादा. एका दिवसात अमुक तोटा झाला की तुमचे दोन्ही स्क्रीन राखाडी होतात, त्या दिवसापुरते. हे काम करणारा एक माणूस हॉलच्या कोपऱ्यात काचेच्या खोलीत बसायचा. बोलायचा नाही, हसायचा नाही, नियमांचं पुस्तक जवळ. त्याचं नाव कुलूपवाला. आणि स्क्रीन राखाडी झाला तरी चारपर्यंत, बाजार बंद होईपर्यंत, खुर्ची सोडायची नाही. रिकामी खुर्ची दिसली की बाकीच्यांचा धीर सुटतो म्हणे. फोन दारापाशीच्या खणात. पुस्तक न्यायला बंदी. कधी कधी सकाळी नऊला बाजार उघडायचा आणि सव्वानऊला हिचे स्क्रीन राखाडी व्हायचे. मग पावणेसात तास ही त्या राखाडीकडे बघत बसायची.

"काय करतेस गं तेवढा वेळ?" तिच्या आईने एकदा विचारलं.

"काही नाही. टेबलावर तडे आहेत. ते मोजते."

"किती आहेत?"

"एकशे सत्तावीस. काल एकशे सव्वीस होते."

दर महिन्याला तिची मर्यादा कमी होत गेली. घमेलं काढून वाटी दिली, वाटी काढून चमचा. चमच्याने खड्डा भरायचा. बाजार बंद झाल्यावर दोन तास नव्या उमेदवारांना गणित शिकवायचं कामही तिच्याकडे आलं. त्याचे पैसे नव्हते. गोडबोल्या म्हणायचा, "बाई, तुम्ही शिकवता ना, मला ऐकत राहावंसं वाटतं."

घरी ती जेवताना उजव्या हाताचं बोट ताटाच्या कडेवर आपटायची, दोनदा, थांबून पुन्हा दोनदा. एकदा विकत, एकदा घेत. आईने भाजी वाढू का विचारलं की म्हणायची, "बास, मर्यादा संपली." पहिल्यांदा आम्ही हसलो होतो.

मग शाळेचं पत्र आलं. मोठ्या बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं. रजा संपत आली आहे, एक तारखेला सोमवार आहे, त्या दिवशी सकाळी हजर झाली नाहीस तर जागा भरावी लागेल. एक तारखेला अजून अठरा दिवस होते.

दुसऱ्या दिवशी ती गोडबोल्याशी बोलून आली. चपला काढता काढताच म्हणाली, "जाता येतं. कधीही जाता येतं. फक्त करार पाच वर्षांचा आहे. आपण होऊन सोडलं तर पाच वर्षांचं खुर्चीचं भाडं आणि शिक्षणाचा खर्च भरायचा."

"कुणाचं शिक्षण? शिकवतेस तर तू!" तिची आई म्हणाली.

"किती होतात?" मी विचारलं.

"शाळेचा तीन वर्षांचा पगार."

तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते. होतं ते एक राहतं घर, आणि घर म्हणजे पैसे नव्हेत.

"आणि त्यांनी काढलं तर?"

"त्यांनी काढलं तर काही द्यावं लागत नाही. पण ते कशाला काढतील? चमचाभर मर्यादेत मी बुडवून बुडवून किती बुडवणार? वर वर्ग फुकट चालतोय."

"मग मुद्दाम बुडव," आई म्हणाली. "एकदाच मोठं."

"मर्यादा आहे ना आई, मोठं बुडवताच येत नाही. आणि मुद्दाम केलेलं कुलूपवाल्याला कळतं. ते आपण होऊन सोडल्यासारखंच धरतात." थोडं थांबून म्हणाली, "आणि चुकीचं गणित मला मुद्दाम जमतही नाही."

त्या दिवशी ती आंघोळीला गेल्यावर मी कपाटातून करार काढला.

मी वाचतो तो बोट ठेवून. मला शब्द गाळता येत नाही. सराव असलेला माणूस ओळीवरून घसरत जातो, मी प्रत्येक अक्षरावर उभा राहतो. रोज मुलगी पेढीत गेली की मी खिडकीपाशी बसायचो आणि तीन-चार पानं करायचो. पाणीखात्यात शेवटची वर्षं वहीत हजेरी लिहायचो त्या सवयीने प्रत्येक नियमाला कागदावर आकडा टाकायचो. बायको भाजी निवडत समोर.

"सापडलं का काही?"

"अजून पेढीचे हक्कच चाललेत."

"आपले कधी यायचे?"

"बघू. शेवटच्या पानावर असतील, सहीच्या खाली."

सहाव्या दिवशी सोळाव्या पानावर मला ते वाक्य लागलं. नियम असा होता: 'बाजार चालू असताना सौदेकर्त्याच्या भेटीस बाहेरील व्यक्ती सौदेकक्षात आल्याची नोंद दोन वेळा झाल्यास हा करार त्या क्षणी आपोआप संपुष्टात येईल व उभयपक्षी कोणतेही देणेघेणे उरणार नाही.'

'संपुष्टात' या शब्दाशी मी बराच वेळ झगडलो. 'आपोआप' सोपा होता. पण त्यानंतरच्या शब्दाने मला अडवलं.

"यात पक्षी कुठून आला?" मी म्हटलं.

"कसला पक्षी?"

"लिहिलंय. उभय पक्षी. उभा असलेला पक्षी असेल. पक्षी काही देणंघेणं लागत नाही."

बायकोने भाजी बाजूला ठेवली. तिला अक्षर येत नाही, पण व्यवहार माझ्यापेक्षा जास्त कळतो. "पेढीच्या कागदात पक्षी कशाला घालतील? तुमचं काहीतरी चुकतंय. पोरीला विचारा. पण कागद दाखवू नका."

"का?"

"तिला कळलं तर ते तिने मुद्दाम केलं होईल ना! त्या दिवशी काय म्हणाली ती?"

तोपर्यंत माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

संध्याकाळी मुलगी आली, भिंतीला पाठ लावून बसली. मी वर्तमानपत्र हातात धरून विचारलं, "उभयपक्षी म्हणजे काय गं?"

"दोन्ही बाजूंनी. उभय म्हणजे दोन्ही."

"असं होय. मला वाटलं उभा पक्षी."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसली. पोट धरून हसली. दीड वर्षात मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. "बाबा, उभा पक्षी!" असं म्हणत आत पाणी प्यायला गेली आणि आतूनही हसली. मी मात्र वर्तमानपत्रातून तोंड वर काढलं नाही. दोन्ही बाजूंनी. म्हणजे त्यांनी तिचा वाटा बुडवायला जे लिहिलं होतं ते तिच्याकडूनही काही घेऊ देत नव्हतं. हे वाक्य लिहिणाऱ्याला खड्ड्यात बसलेलं माणूस डोळ्यांपुढे नसणार.

सोमवारी बायकोने मुलीचा चष्मा पिठाच्या डब्यामागे लपवला. मुलगी शोध शोध शोधून तशीच गेली. दहा वाजता मी चष्मा खिशात घालून निघालो.

तिसऱ्या मजल्यावर चौकीदार कमरेवर हात ठेवून उभा होता. पुढ्यात पाण्याची मोठी बाटली, वीस लिटरची. लिफ्ट बंद, बाटली देणारा खालीच टाकून गेलेला.

"कशी आणलीस वर?" मी विचारलं.

"कशी काय, पायरी पायरी बसत. माझी कंबर गेलीय काका. आता आत न्यायचीय ही."

"मी नेतो."

"तुम्ही? या वयात?"

मी बाटली खांद्यावर घेतली. ओझं उचलायला अजून कंबर आहे. त्याने कार्ड लावून दार उघडलं आणि मी आत गेलो. त्याला काही सुचायच्या आत मी बाटली कोपऱ्यात ठेवून टेबलांमधून चालायला लागलो होतो. चाळीस माणसं, आणि आवाज फक्त बोटांचा. मुलगी तिसऱ्या रांगेत, शेवटून दुसरी. तिचे दोन्ही स्क्रीन राखाडी. ती हात मांडीवर ठेवून बसली होती, जशी पोरं शिक्षा झाल्यावर बसतात.

"चष्मा विसरलीस," मी म्हटलं.

"बाबा! तुम्ही आत कसे?" ती उठली नाही. उठायची परवानगी नव्हती. बसल्या जागी पांढरी पडली.

कुलूपवाला काचेतून बाहेर आला. वही मागवली, वेळ बघितली आणि लिहिलं: बाहेरील व्यक्ती, सौदेकर्तीच्या भेटीस, दहा वाजून बावन्न मिनिटं. अक्षर सुंदर होतं, मी सगळं वाचलं. मागून गोडबोल्या आला.

"काका, काका! असं येतात का आत? अहो, नियम आहेत." मग कुलूपवाल्याकडे बघून, "नोंद झाली ना? बस, विषय संपला. मोठं माणूस आहे, पहिली वेळ आहे, आम्ही माफ केलं." नंतर दाराशी तो चौकीदाराला जे बोलला त्यात गोड काही नव्हतं. एक दिवसाचा पगार कापला त्याचा.

ते मला लागलं. मी त्या माणसाची कंबर वापरली होती. घरी येऊन बायकोला म्हटलं, दुसऱ्या वेळी याच्या पोटावर पाय देऊन जायचं नाही.

"मग कसे जाणार? भिंतीतून?"

"बघू."

संध्याकाळी मुलगी माझ्याशी बोलली नाही. आईशी बोलली, मला ऐकू जाईल असं. "सगळे बघत होते. कोण म्हणालं, बाईंचे पालक आले. पालक! मी पस्तीस वर्षांची आहे, आई. मला त्या हॉलमध्ये एक मान होता, तेवढाच उरला होता."

मला सांगावंसं वाटलं. बायकोने डोळ्यांनी दाबलं. मी जेवण होईपर्यंत खाली बघत राहिलो.

मंगळवारपासून मी रोज पेढीबाहेरच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. दाराच्या बाहेर, जिथे कुणाला बंदी नाही. चौकीदार म्हणाला, "काका, मला बुडवणार तुम्ही." मी म्हटलं, "तुला नाही. तू दार उघडूच नकोस." त्याच्या मुलांची चौकशी केली, त्याला कमरेचा एक व्यायाम दाखवला. गोडबोल्या जाता-येता विचारायचा, "काय काका, आज काय विसरलंय?" मी म्हणायचो, "काही नाही, बसलोय." बुधवारी त्याने हसत विचारलं. गुरुवारी हसला नाही.

मुलीला कळलं तेव्हा ती घरी म्हणाली, "बाबा, लोकांच्या बापाला उतारवयात भ्रम होतो तसं झालंय का तुम्हाला?" तिच्या आवाजात राग नव्हता. ती खरंच विचारत होती. ते जास्त वाईट होतं. शनिवार-रविवार बाजार बंद. म्हणजे शुक्रवार तेवढा उरला होता.

शुक्रवारी नव्या उमेदवारांच्या मुलाखती होत्या. जिन्यापासून रांग, इस्त्रीचे कपडे, हातात फायली. काहींबरोबर आई-बाप. माझ्या शेजारी एक बाई येऊन टेकली, तिच्या मुलीची मुलाखत होती.

"तुमचं कुणी आहे का आत?" तिने विचारलं.

"मुलगी. दोन वर्षं होतील."

"अय्या! चांगलं असेल ना? स्वतःचा पैसा घालावा लागत नाही म्हणतात."

"आत जायला नाही लागत," मी म्हटलं.

"म्हणजे?"

रांगेतल्या चार माना आमच्याकडे वळल्या. तेवढ्यात गोडबोल्या लगबगीने बाहेर आला. त्याने ऐकलं असावं. चेहऱ्यावर पुन्हा सगळी साखर.

"अरे काका! इथे काय बसलात, उन्हात बसल्यासारखे?" रांगेकडे वळून मोठ्याने, "हे आमच्या बाईंचे वडील. आमच्याकडे पेढी म्हणजे घर आहे, बरं का. या काका, आत या. बघा तुमची मुलगी कशी काम करते."

"बाजार चालू आहे," मी म्हटलं.

"असू दे हो! मी आहे ना."

त्याने स्वतःचं कार्ड लावलं. चौकीदाराने माझ्याकडे बघितलं आणि वही पुढे सरकवली. दार ओलांडणाऱ्याची नोंद करायची, हा त्याचाही नियम होता, आणि सोमवारपासून तो विसरणार नव्हता.

मी पेन घेतलं.

"काका, नुसती सही करा," गोडबोल्या म्हणाला. "अंगठा चालेल," असंही म्हणाला, रांगेसाठी, आणि दोघे-तिघे हसले.

"लिहितो की."

मला वेळ लागतो. गोडबोल्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. मी लिहिलं: बाहेरील व्यक्ती. सौदेकर्तीच्या भेटीस. बाजार चालू. व्यवस्थापकांबरोबर आत. अकरा चाळीस. 'सौदेकर्तीच्या' मधला रफार एकदा चुकला तो खोडून पुन्हा काढला. मग वही काखेत मारली आणि आत गेलो.

थेट काचेच्या खोलीशी. करार सदऱ्याच्या आत होता. सोळावं पान उघडून कुलूपवाल्यापुढे ठेवलं, त्यावर वही ठेवली, आणि मागे सरून उभा राहिलो.

त्याने वाचलं. वहीतली सोमवारची स्वतःची नोंद पाहिली, मग माझी. पुन्हा करार वाचला. हा माणूस माझ्यासारखाच वाचत होता, एक अक्षर न गाळता. त्या क्षणी मला तो आवडला.

"दोन नोंदी आहेत," तो म्हणाला. मी त्याचा आवाज नीट असा पहिल्यांदाच ऐकला.

"हो, पण आजचे मीच घेऊन आलोय!" गोडबोल्या म्हणाला. "आणि सोमवारचं माफ केलंय."

"कुणी आणलं ते यात नाही. माफीचंही यात नाही. आपोआप लिहिलंय."

"अहो, मी सांगतोय ना—"

"करार अकरा चाळीसला संपला. आता अकरा छप्पन्न झालेत. सोळा मिनिटं आपल्या हॉलमध्ये करार नसलेली व्यक्ती सौदे करतेय." त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं, ती भीती होती. त्याने हात पुढे केला आणि कळ दाबली.

तिसऱ्या रांगेत दोन स्क्रीन राखाडी झाले.

गोडबोल्याने माझ्याकडे बघितलं. "वाचलंत तुम्ही," तो म्हणाला. नुसतं एवढंच. मग काचेबाहेर उभ्या असलेल्या उमेदवारांकडे बघून हसू परत चेहऱ्यावर आणलं आणि गेला.

मी मुलीजवळ गेलो. ती राखाडीकडे बघत होती.

"आज मी वर होते, बाबा," ती म्हणाली. "सकाळपासून. दोन वर्षांत इतकं वर नव्हते कधी. कुलूप का लागलं?"

मी वाकून सांगितलं. नियम, दोन नोंदी, आपोआप, सोमवारची शाळा. काही द्यायचं नाही. दोन्ही बाजूंनी.

तिने ऐकलं. "म्हणजे ते तुम्ही मुद्दाम..." तिचं बोट टेबलावर दोनदा आपटलं. "आज भरला असता."

"नसता भरला."

"तुम्हाला काय माहीत?"

"चल, ऊठ."

ती उठली नाही. मला वाटलं पाय मेले असतील बसून बसून. तसं नव्हतं. तिने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "चार वाजू देत." कुलूपवाल्याने मान हलवून सांगितलं की जाऊ शकता, कुणी अडवत नव्हतं, दार चौकीदाराने पायाने उघडं धरलं होतं. ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. शेजारच्या टेबलावरचा माणूस तिच्याकडे न बघता बोटं चालवत होता.

मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो. मुलाखती संपल्या, रांग गेली. ती बाकावरची बाई जाताना थांबली, तिच्या मुलीची निवड झाली होती. मी म्हटलं, "सोळावं पान वाचायला सांगा." ती हसून बरं म्हणाली. वाचलं असेल असं वाटत नाही.

चार वाजून दोन मिनिटांनी मुलगी बाहेर आली. खणातून फोन घेतला. जिना उतरताना एकदाही कठड्याला हात लावला नाही, आणि खाली उजेडात आल्यावर मात्र औषधांच्या दुकानाची भिंत धरून उभी राहिली.

"एकशे एकतीस," ती म्हणाली.

"काय?"

"तडे."

दोन दिवस ती झोपून होती. सोमवारी सकाळी आईने डबा भरला, मी बूट घातले.

"तुम्ही कुठे?" तिने विचारलं.

"त्याच बाजूला काम आहे."

"काय काम?"

"आहे."

चौकापर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो. तिथून डावीकडे पेढीचा रस्ता, उजवीकडे शाळेचा. ती थांबली. बोट पिशवीच्या बंदावर आपटत होतं, दोनदा, थांबून पुन्हा दोनदा. तिने मनगटावर घड्याळ बघितलं.

"नऊ वाजले," ती म्हणाली. "आता उघडला असेल."

मी डाव्या बाजूला उभा होतो. तिथून हललो नाही.

"उघडू दे," मी म्हटलं.

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग उजवीकडे वळली, आणि शाळेच्या फाटकापर्यंत मी तिच्या मागे दोन पावलं ठेवून चालत गेलो.